गाव पाहायला फेब्रुवारीत जा

"ताई, नवऱ्याला आयोवातल्या एम्स या गावी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसरची ऑफर आली आहे. तो हरखून गेलाय. इतकी वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) केल्यावर हे मिळालं. त्याचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आधीपासून विद्यापीठातूनच आहे. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला एका औषध कंपनीत एसएएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅमर आहे, माझा एच-१बी वेगळा, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने भरलेला अर्ज) मंजूर. मुलगी बारा वर्षांची, नाशिकला जन्मलेली. मुलगा चार वर्षांचा, इथला. सासूबाई चार-पाच महिने आमच्याकडे येऊन राहतात. फायदे-तोटे वाचून वाचून डोकं गरगरतंय. जावं का?"
– मूळची गंगापूर रोडची

बाई गं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नवरा हरखला आहे हे तू लिहिलंस, मुलांचं लिहिलंस, सासूबाईंचं लिहिलंस. तू त्या गावात काय करणार, हे मात्र पत्रात कुठेच नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण लहान कॉलेजगावाचा सगळा प्रश्न तिथेच असतो. ज्याला ऑफर आली त्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर असं गाव सुंदरच दिसतं: प्रयोगशाळा, स्वतःचे विद्यार्थी, दहा मिनिटांत घर. ज्याला ऑफर आलेली नाही, त्याच्या डोळ्यांनी ते पाहायला हवं.

माझी मामी नाशिकला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मामाला राहुरीच्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली आणि दोघं तिथल्या वसाहतीत राहायला गेली. आम्ही भाचरं सुट्टीत जायचो. मोकळी हवा, रुंद रस्ते, पेरूच्या बागा, आम्हाला तो स्वर्गच वाटायचा. मामी मात्र दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून एसटीने नाशिकला यायची आणि आल्या आल्या आधी शाळेत डोकावून यायची. तिने तक्रार कधीच केली नाही, पण ती पुन्हा फळ्यासमोर कधी उभी राहिली नाही.

राहुरीचं विद्यापीठ १९६८ चं. शेतीचं शिक्षण शेताजवळ असावं, ही कल्पना आपल्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेकडूनच घेतली. तिकडे १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांतून शेती व यंत्रविद्येची कॉलेजं उभी राहिली. आयोवाने तो कायदा सगळ्यांत आधी स्वीकारला. एवढं मोठं विद्यापीठ मक्याच्या शेतांमध्ये का, याचं उत्तर ते आहे. तिथे विद्यापीठ हाच गावाचा धंदा आहे. २०२० च्या जनगणनेत एम्सची वस्ती सुमारे ६६ हजार होती आणि विद्यार्थी त्यात जवळपास ३० हजार. म्हणजे नोकरी देणारा मुख्य मालक एकच.

१९९६ मध्ये मी नवऱ्याबरोबर अशाच एका गावी गेले. नाशिकला केमिस्ट्री शिकवत होते. तिकडच्या विभागप्रमुखांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या पत्नीसाठीही काहीतरी पाहू." आम्ही त्या शब्दावर सामान बांधलं. ते 'काहीतरी' कधी आलं नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर, कामाची परवानगी तेव्हा नव्हतीच. ती २०१५ मध्ये मिळू लागली, तीही काहींनाच. मी वाचनालयात विनावेतन पुस्तकं लावली, तीही जीव लावून, पण माझी उमेदीची सात वर्षं गेली ती गेलीच. तुझ्या पत्राने ती आठवली, म्हणून आता जरा स्पष्ट बोलते.

नवऱ्याने सही करायच्या आधी विद्यापीठाला विचारायचं: जोडीदाराच्या नोकरीसाठी तुमच्याकडे काय सोय आहे? बऱ्याच विद्यापीठांत अशी सोय असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि सही झाल्यावर तर मागण्यातही जोर उरत नाही. जे ठरेल ते ऑफरच्या पत्रात लिहून यायला हवं. तोंडी शब्दावर घर हलवू नका. तारीख कमी पडत असेल तर मुदत वाढवून मागा. त्याने सहसा ऑफर जात नाही.

आता तुझी नोकरी. तुझी कंपनी घरून काम करू देईल का, हे याच आठवड्यात विचार. ती हो म्हणाली तरी कामाची जागा दुसऱ्या शहरात गेली की एच-१बीचा सुधारित अर्ज करावा लागतो. तो न करता लॅपटॉप उचलून निघू नकोस. कंपनी नाही म्हणाली, तर डे मॉइन शहर एम्सपासून साधारण ५५ किलोमीटरवर आहे. नाशिकहून इगतपुरीला जाण्यापेक्षा थोडं जास्त, आणि रस्ता सरळ सपाट. ते विमा कंपन्यांचं शहर आहे, जवळ जॉन्स्टनला बियाण्यांचं मोठं संशोधन चालतं. एसएएस येणाऱ्या माणसाला तिथे दार उघडू शकतं. सगळ्याच कॉलेजगावांचं नशीब असं नसतं. काही गावांतून जवळचं मोठं शहर तीन-चार तासांवर असतं. एम्सच्या बाजूने हा मुद्दा फार मोठा आहे, आणि तुझ्या यादीत तो सगळ्यांत वर असायला हवा.

आय-१४० बद्दल तर माझी कळकळ आहे. ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग किती लांब आहे हे तुला माहीत आहेच. तुझ्या मंजूर आय-१४० ची तारीख नवीन कंपनीतही तुझ्यासोबत येते, पण त्यासाठी नव्या मालकाने तुझा अर्ज पुन्हा भरायला हवा. तू नोकरी सोडून नवऱ्याच्या एच-४ वर गेलीस, तर त्याचं आय-१४० मंजूर नसताना सहसा तुला कामाची परवानगी मिळणार नाही, आणि रांगेतली तुझी तारीख राहिली तरी नवा मालक अर्ज भरेपर्यंत सहसा तिचा उपयोग होणार नाही. त्याच्या विद्यापीठालाही विचारा की ग्रीन कार्डाचा अर्ज कधी करणार. शिकवण्याच्या जागेसाठी निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज केला तर वाट बरीच सोपी असते, ती मुदत चुकवू नका. आणखी एक. विद्यापीठाचा एच-१बी वार्षिक कोट्याबाहेरचा असतो. नवऱ्याची कोट्यात कधी गणना झाली नसेल, तर पुढे कंपनीत जायचं म्हटलं की व्हिसाची लॉटरी (सोडत) आडवी येते. मुलगी नाशिकची, म्हणजे तीही एच-४ वरच. एकविसाव्या वर्षी तो आधार संपतो, आणि त्याला आता नऊच वर्षं आहेत. हे सगळं चांगल्या वकिलासमोर दोघांनी बसून बोला, आणि फी तुम्ही भरा. विद्यापीठाचा वकील विद्यापीठाचा असतो.

नोकरी कायम होण्याचा निर्णय साधारण सहाव्या वर्षी होतो. झाली तर उत्तम. नाही झाली तर बहुधा एक वर्ष मिळतं आणि मग निघायचं. एडिसनला नोकरी गेली तर माणूस त्याच घरात राहून दुसरी शोधतो, एम्सला गावच सुटतं. तेव्हा तुझी मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल. म्हणून सुरुवातीलाच घर विकत घेऊ नका. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स अमेरिकेत सगळ्यांत भारी, त्यामुळे तिकडच्या किमती पाहून मोह होईल. तरीही दोन वर्षं भाड्याने राहा. भाड्याची घरं विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावर चालतात. करार ऑगस्टपासून ऑगस्टपर्यंत, आणि चांगली घरं कितीतरी महिने आधीच जातात. पगार आकड्यात वाचताना तो नऊ महिन्यांचा की बारा, हेही पाहा. उन्हाळ्यातला पगार बहुतेकदा संशोधनाच्या अनुदानातून काढावा लागतो, आणि २०२५ पासून केंद्राच्या अनुदानांचं काय चाललंय ते तुझा नवराच तुला सांगेल.

एवढं वाचून तुला वाटेल की ताई नकोच म्हणते आहे. तसं नाही गं. मला त्या गावाने जे दिलं ते मुंबई-पुण्यानेही दिलं नसतं. आपण नाशिककर १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाचा अभिमान बाळगणारी माणसं, आणि तिकडे गावचं वाचनालय म्हणजे मुलांचं दुसरं घर होतं. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना एकटा सायकलवर जायचा. शेजारी एक भूगर्भशास्त्राचे आजोबा होते, त्यांनी त्याला अंगणातल्या दगडांवरून हिमयुग शिकवलं. संध्याकाळी कोणाचंही व्याख्यान फुकट ऐकायला मिळायचं. गणपतीत आम्ही सगळी मिळून सहा मराठी घरं आणि वीस-पंचवीस विद्यार्थी. मोठ्या मंडळात आपण तिकीट काढून प्रेक्षक होतो. तिथे मखर मी केलं, आरत्या माझ्या मुलाने पाठ म्हटल्या, कारण दुसरं कोणी नव्हतंच. जळगावची, सांगलीची पोरं दर रविवारी पोळ्या खायला यायची. त्यांतली काही अजून नाशिकला आली की आधी माझ्याकडे येतात. एम्स आणि डे मॉइनच्या मध्ये मॅड्रिड नावाच्या गावाजवळ हिंदू मंदिरही आहे, तिथेही माणसं भेटतील.

फुटबॉलच्या शनिवारी बाहेर पडायचं नाही, एवढं आपसूक कळेल. स्टेडियममध्ये ६० हजारांवर माणसं मावतात, म्हणजे जवळजवळ दुसरं गावच. सिंहस्थात पंचवटीतल्या घरातून दूध आणायला निघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मे ते ऑगस्ट मात्र गाव रिकामं असतं. मला ते महिने सगळ्यांत आवडायचे.

सासूबाईंचा विचार वेगळा करायला हवा. एडिसनला ओक ट्री रोडवर त्या वाण्याशी गुजरातीमिश्रित हिंदीत बोलून भाजी घेत असतील. एम्सला गाडीशिवाय काही नाही, आणि जानेवारीत रात्री उणे १२-१५ अंश ही नेहमीची गोष्ट. त्यांना मे ते सप्टेंबर बोलवा. प्रवास वाढेल: एम्सहून डे मॉइन, तिथून शिकागोसारखं मोठं विमानतळ, मग मुंबई, मग कसारा घाट. पर्यटकांचा विमा जुनी दुखणी सहसा धरत नाही, म्हणून गुडघे-हृदय निघण्याआधी भारतातच तपासून घ्यायला सांगा. आणि वादळांची तयारी ठेवा. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचो (सरळ सुसाट वाऱ्याच्या) वादळानंतर त्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती.

मुलगी बारा वर्षांची आहे, तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. हलायचंच असेल तर हायस्कूल सुरू होण्याआधी हलणं बरं, मध्येच नको. तिच्या वर्गात कदाचित ती एकटीच आपली असेल, पण प्राध्यापकांची मुलं चीन, कोरिया, नायजेरियातून आलेली असतात, त्यामुळे ती फार वेगळी पडणार नाही. तुमच्या वयाची गृहस्थ माणसं मात्र थोडी. विद्यार्थी दर वर्षी वीस वर्षांचेच राहतात, आपण मोठे होत जातो, आणि मैत्रिणींचे नवरे दुसऱ्या विद्यापीठात गेले की त्याही जातात. मला हे सगळ्यांत जड गेलं.

विद्यापीठ तुम्हाला गाव पाहायला बोलवेल तेव्हा ऑक्टोबरची पानं दाखवेल. तू फेब्रुवारीचं तिकीट मागून घे. चारही जण जा. मंगळवारी सकाळी नवरा विभागात असताना तू गाडी घेऊन डे मॉइनला एकटी जाऊन ये, शक्य झालं तर मुलाखत ठरवूनच जा. संध्याकाळी परत येताना कसं वाटलं ते मला लिही, नवऱ्याला दाखवायच्या आधी.