अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर चित्रकला कुठे शिकला, आर्ट स्कूलमध्ये की आपला आपणच?

दोन्ही. पण मला विचाराल तर त्याचं खरं शिक्षण शाळा सुटल्यावर झालं, तांब्याच्या प्लेटवर.

जन्म 1882 चा, न्यूयॉर्कजवळ हडसनच्या काठी नायक नावाचं गाव आहे तिथला, वडिलांचं कापडचोपडाचं दुकान. घरच्यांचा चित्रकलेला विरोध नव्हता, फक्त पोटापाण्याचं बघ म्हणून आधी इलस्ट्रेशन शिकायला लावलं, मग 1900 ते 1906 न्यूयॉर्क स्कूल ऑफ आर्ट. तिथे रॉबर्ट हेन्री हे मास्तर मिळाले, त्यांचा धोशा एकच, भोवतीचं जगणं रंगवा. नंतर तीनदा पॅरिस. आणि एवढं करूनही चाळिशी उलटेपर्यंत हा माणूस जाहिराती नि मासिकांची चित्रं काढून पोट भरत होता, जे काम त्याला अजिबात आवडायचं नाही. 1913 च्या आर्मरी शोमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या आधुनिक कलेच्या मोठ्या प्रदर्शनात, एक पेंटिंग 250 डॉलरला गेलं, त्यानंतर दहा वर्षं दुसरं विकलंच नाही, विचार करा!

याच काळात, 1915 ला, तो एचिंगकडे, म्हणजे धातूच्या प्लेटवर रेघा कोरून कागदावर छापायच्या चित्रांकडे, वळला. तंत्रात मार्टिन लुईस या मित्राची मदत झाली. प्रेस घरातच, शाई मात्र लंडनहून मागवलेली, कारण त्याला अगदी गडद काळा हवा होता. मी स्वतः एचिंग केलंय म्हणून सांगते, प्लेटवर मेणाचा थर देऊन सुईने रेघ ओढायची, ॲसिडमध्ये बुडवायची, शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, आणि ॲसिडने एकदा खाल्लेली रेघ सहज खोडता येत नाही, त्यामुळे काळं कुठे आणि कोरा कागद कुठे हे आधीच ठरवावं लागतं. हॉपरच्या हाताला ती शिस्त इथे लागली असं मला ठामपणे वाटतं. तो स्वतःही म्हणायचा की एचिंग सुरू केल्यावर माझ्या पेंटिंगला नेमका आकार आला.

1924 मध्ये न्यूयॉर्कच्या रेन गॅलरीत त्याने मांडलेली सगळी वॉटरकलर्स विकली गेली आणि इलस्ट्रेशन सुटलं.

त्याचं 1921 चं 'इव्हनिंग विंड' हे एचिंग मोठं करून बघा. बाई पलंगावर चढतेय, पडदा वाऱ्याने आत आलाय, ती खिडकीकडे वळलीय, आणि खिडकीबाहेर त्याने काहीच कोरलेलं नाही, नुसता पांढरा कागद. मग त्याच्या नंतरच्या पेंटिंगमधली कुठलीही खिडकी बघा.