बाल्डर्स गेट ३ मध्ये माझे वार सतत का चुकतात आणि मोठ्या लढाईत गेम का अडखळतो?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: तुम्ही घणसोलीला राहता, बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम ‘बॅलन्स्ड’ काठिण्यपातळीवर खेळता, तुमची पार्टी (साथीदारांची टोळी) तिसऱ्या लेव्हलला आहे आणि गॉब्लिनांच्या छावणीतली लढाई तुम्ही चार वेळा हरला आहात. टोळीतल्या अ‍ॅस्टारियनच्या बाणाला एका टर्नमध्ये (पाळीत) ५५ टक्के आणि पुढच्या टर्नमध्ये त्याच गॉब्लिनवर ३० टक्के शक्यता दिसते, शॅडोहार्ट या साथीदारणीचा फायर बोल्ट हा स्पेल (जादूचा मंत्र) जवळपास कधीच लागत नाही, गेल या जादूगाराला जाड चिलखत घातल्यापासून त्याचे स्पेल बंद झाले आहेत आणि मोठ्या लढाईत लॅपटॉप अडखळतो. गेम खेळाडूच्या विरुद्ध फासे टाकतो का, असा तुमचा थेट प्रश्न आहे.

मी ठाण्यात राहतो. हा गेम मी दोनदा पूर्ण केला आहे आणि दर रविवारी ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरण्याला मित्राच्या घरी जाऊन, ज्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर हा गेम बेतला आहे ती खरे फासे टाकून खेळतो. त्या सवयीमुळे मी खात्रीने सांगू शकतो, की तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच तुमच्या अडचणीचे निम्मे उत्तर आहे.

प्रत्येक वाराला गेम वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात तुमचा बोनस मिळवतो आणि येणारी बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी (त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी) किंवा त्याहून जास्त असेल तर वार लागतो. अ‍ॅस्टारियनची डेक्स्टेरिटी (चपळाई) १७ आहे, तिचे ३ आणि प्रोफिशियन्सीचे (शस्त्र वापरण्याच्या प्रावीण्याचे) २ असा त्याचा बोनस ५ होतो. शत्रूचा आर्मर क्लास १५ असेल तर फाशावर १० किंवा अधिक यायला हवेत, म्हणजे वीसपैकी अकरा बाजू तुमच्या, आणि हेच ते ५५ टक्के. गॉब्लिन अगदी अंगाशी येऊन भिडला, की धनुष्य चालवणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो: फासा दोनदा टाकला जातो आणि त्यातला लहान आकडा धरला जातो. मग दोन्ही वेळा १० किंवा अधिक यावे लागते आणि ०.५५ गुणिले ०.५५ म्हणजे साधारण ३० टक्के उरतात. त्यामुळे गेमने तुमच्यावर अन्याय केलेला नाही. गॉब्लिन जवळ आला, एवढेच घडले. अशा वेळी अ‍ॅस्टारियनच्या हातात खंजीर द्या किंवा त्याला सुरक्षितपणे दूर न्या.

हाच हिशेब उलट्या दिशेने लावला, की लढाई बदलते. उंचावरून बाण मारला तर २ मिळतात आणि ५५ चे ६५ टक्के होतात. त्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळाला, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा धरला गेला, तर शक्यता जवळजवळ ८८ टक्क्यांवर जाते. अ‍ॅस्टारियन ‘रोग’ (Rogue, म्हणजे लपूनछपून लढणारा) असल्यामुळे दुसऱ्या लेव्हलपासून त्याला बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, लपता येते. लपून मारलेल्या बाणाला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो आणि त्याबरोबर स्नीक अटॅकचे (रोगच्या बेसावध शत्रूवरच्या जादा माराचे) दोन सहा-बाजूंचे फासे नुकसानीत मिळतात. डिसअ‍ॅडव्हान्टेज असताना स्नीक अटॅक मिळत नाही, म्हणून अंगाला भिडलेल्या शत्रूवर बाण मारणे दोन्हीकडून तोट्याचे आहे. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा उंचीकडे दुर्लक्ष करून सगळ्यांना अंगणात उभे केले होते आणि नेमकी हीच लढाई हरत राहिलो. छपरावर आणि तुळयांवर चढायला लागलो, तेव्हा कुठे ती जिंकता आली.

शॅडोहार्टबद्दल तुमची तक्रार रास्त आहे आणि तिचे कारणही साधे आहे. फायर बोल्ट तिला वंशामुळे मिळालेला आहे आणि तो इंटेलिजन्सवर (बुद्धीच्या गुणावर) चालतो. तिची इंटेलिजन्स सामान्य आहे, तर विझडम (शहाणपणाचा गुण) १७ आहे. ती क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारी आहे; त्या स्पेलना विझडम लागू होते, म्हणून त्यांतला गायडिंग बोल्ट वापरा. तो लागला तर त्या शत्रूवरच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हान्टेजही मिळतो. त्याहून मोठे काम ब्लेस हा स्पेल करतो: तिघांच्या प्रत्येक वारात एक चार-बाजूंचा फासा मिळतो, सरासरी अडीच, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांची वाढ. मात्र त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता) टिकवावे लागते आणि नवे खेळाडू नेमके इथेच फसतात. ब्लेस चालू असताना शील्ड ऑफ फेथ टाकला, तर ब्लेस त्याच क्षणी संपतो, कारण दोन्ही स्पेल कॉन्सन्ट्रेशनचे आहेत आणि एका वेळी एकच धरता येतो. मार बसल्यावर १० किंवा नुकसानीचा अर्धा भाग, यांपैकी जो मोठा आकडा असेल त्याविरुद्ध फासा टाकावा लागतो, म्हणून ब्लेस देणाऱ्या शॅडोहार्टला पुढच्या रांगेत उभे करू नका.

गेलचे चिलखत आजच काढा. विझार्डला (जादूगाराला) जाड चिलखताची प्रोफिशियन्सी नसते आणि ती नसताना चिलखत घातले तर स्पेल टाकताच येत नाहीत. त्याच्या संरक्षणासाठी मेज आर्मर हा स्पेल लॉन्ग रेस्टनंतर (तळावरच्या रात्रभराच्या विश्रांतीनंतर) एकदा टाकला, की पुढच्या लॉन्ग रेस्टपर्यंत टिकतो. लॉन्ग रेस्ट घ्यायला संकोच करू नका. बॅलन्स्ड पातळीवर तिला ४० अन्नसामग्री लागते आणि पहिल्या अंकात ती भरपूर सापडते.

तुमच्या मनात जो पक्षपाताचा संशय आहे, त्याची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. पडद्याच्या कोपऱ्यातला कॉम्बॅट लॉग (लढाईची नोंद) उघडा. त्यात प्रत्येक वाराचा फासा, बोनस आणि समोरचा आर्मर क्लास लिहिलेला असतो. सेटिंगमध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाचा पर्याय आहे, जो अपयशाची सलग मालिका तोडण्यासाठी फाशांमध्ये हस्तक्षेप करतो. शिकत असताना तो बंद ठेवावा असे माझे मत आहे, म्हणजे दिसणारी टक्केवारी आणि लागणारे वार यांचा मेळ स्वच्छ कळतो. एवढे मात्र मनाशी पक्के धरा, की ७० टक्के शक्यता असतानाही सलग दोन वार चुकण्याचा संभव ९ टक्के आहे. लांबलेल्या लढाईत तो प्रसंग येणारच.

छावणीसाठी माझा सल्ला असा आहे, की तिन्ही सरदारांना एकाच गोंधळात ओढू नका. त्यांपैकी ‘गट’ नावाच्या पुजारणीशी (प्रीस्टेस गट) बोलताना तिच्याबरोबर जायला तयार झालात, तर ती तुम्हाला आपल्या खोलीत एकटी घेऊन जाते. तिथे आरडाओरडा बाहेर पोहोचण्याआधी तिचा निकाल लावता येतो. साथीदार पडला तर ‘हेल्प’साठी अख्खी अ‍ॅक्शन खर्च करण्यापेक्षा शॅडोहार्टचा हीलिंग वर्ड वापरा. तो बोनस अ‍ॅक्शनमध्ये आणि दुरूनही चालतो.

आता लॅपटॉप. तुम्ही गेम हार्ड डिस्कवर बसवला असल्याचे लिहिले आहे आणि मला पहिले कारण तेच वाटते. गेमच्या किमान गरजांतच एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवर) १५० जीबी जागा लिहिलेली आहे. दुसरी गोष्ट उष्णता: एप्रिल-मेच्या उकाड्यात आपल्याकडच्या खोलीत लॅपटॉपच्या पंख्याची जाळी धुळीने भरलेली असेल, तर तापलेला प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि वीस गॉब्लिन एकामागून एक चाल करतात तेव्हा ते लगेच जाणवते. माझ्या लॅपटॉपचे असेच झाले होते. एका दुकानदाराने मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्याने पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली आणि गेम पूर्ववत चालू लागला. त्या पहिल्या सल्ल्याचा मला आजही राग येतो, म्हणून आधी सफाई करून घ्या असे आग्रहाने सांगतो. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर ग्राफिक्सची ताकद कमी होते. लाँचरमध्ये (गेम सुरू करणाऱ्या खिडकीत) चित्रे रेखाटण्याच्या पद्धतीचे व्हल्कन आणि डीएक्स ११ असे दोन पर्याय असतात. एकावर अडखळला तर दुसरा लावून पाहा. स्टीम या गेमच्या दुकान-ॲपवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची तपासणी करण्याची सोय आहे, तीही एकदा करा. मॉड (इतरांनी बनवलेले गेममधले बदल) बसवले असतील आणि १५ एप्रिल २०२५ च्या पॅच ८ या अपडेटनंतर ते अद्ययावत केलेले नसतील, तर त्यांच्यावरही संशय घ्या. पण चालू खेळातले मॉड अचानक काढू नका, त्याने जुने सेव्ह बिघडू शकतात. प्रत्येक लढाईआधी एफ५ दाबून सेव्ह करण्याची सवय लावून घ्या.

घरी हॉलमध्ये सर्वांसमोर खेळता असेही तुम्ही लिहिले आहे. गेम १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. सेटिंगमध्ये नग्नता दाखवणे बंद करता येते, त्याने लढाईत काहीही फरक पडत नाही. मात्र रक्तपात आणि संवाद प्रौढांचेच राहतात, तेव्हा धाकटी भावंडे झोपल्यावर खेळणे बरे.

हे सगळे करूनही लढाई अडखळली, तर त्या वेळचे प्रोसेसरचे तापमान आणि कॉम्बॅट लॉगमधल्या शेवटच्या दहा ओळी इथे लिहा, मी पाहून उत्तर देईन.