प्रश्न वाचकांचे, उत्तर वायरमनचं : थांबलेली मोटर बंद असतेच असं नाही

मोटर आणि स्टार्टर यांबद्दल आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. मी इंजिनिअर नाही. पस्तीस वर्षं पॅनेलपुढे उभा राहिलोय, आणि त्यातली निम्मी जळालेल्या मोटरी उघडण्यात गेली. उत्तरंही त्याच हाताची आहेत.

प्रश्न : माझ्या लाकूड कापायच्या करवतीला साधा चालू-बंद स्विच आहे. मोटर थ्री फेज, तीन हॉर्सपॉवरची. मित्र म्हणतो स्टार्टर बसव. स्विचवर काम चालतंय, मग स्टार्टर कशाला?

लाइट जाते तो क्षण डोळ्यांसमोर आणा. करवत फिरत फिरत थांबते. स्विच बंद करायचं तुमच्या मनातही येत नाही, कारण यंत्र थांबलेलंच आहे. पात्यात अडकलेली ढलपी काढायला तुम्ही हात घालता, आणि लाइट येते. स्विच चालूच होता. मोटरला तुमचा हात दिसत नाही.

स्टार्टर असेल तर असं होत नाही. हिरवं बटण दाबलं की त्यातल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या, कॉइलमधून करंट जातो, कॉइल आतला लोखंडी तुकडा खटकन ओढून घेते आणि तिन्ही फेज मोटरपर्यंत पोचतात. आता बटणावरचं बोट काढलं, तर खरं म्हणजे कॉइलचा करंट तुटायला हवा. तो तुटत नाही, कारण त्याच ओढीत एक छोटा जादा कॉन्टॅक्टही मिटलेला असतो. बहुतेक कॉन्टॅक्टरवर त्याच्या दोन टोकांशी १३ आणि १४ असे आकडे छापलेले दिसतील. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो, म्हणजे कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. आम्ही त्याला होल्डिंग म्हणतो. लाइट गेली की कॉइल सोडते आणि होल्डिंग सुटतं. मग लाइट आली तरी माणसाने पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही.

लाल बटणाचं मात्र उलटं. ते एरवी मिटलेलं असतं आणि दाबलं की उघडतं. हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी विचारतो, असं का? बहुतेक जण गप्प बसतात. लाल बटणाची वायर तुटली किंवा तिचा स्क्रू ढिला झाला, तर चालती मोटर लगेच बंद पडते. चिडचिड होते, पण दोष समोर येतो. हेच बटण दाबल्यावर मिटणारं असतं, तर वायर तुटलेली आहे हे कळलं असतं ते थेट यंत्रात बाही अडकल्यावर, बटण दाबून दाबून.

एक सावधगिरी. बटणांच्या जागी फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा) किंवा टायमर लावला तर होल्डिंगची ही सोय जाते आणि लाइट आल्यावर मोटर आपोआप फिरते. पंपाला ते चालेल. करवतीला नाही.

प्रश्न : साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की ती बंद करणारा भाग, दिवसातून दोनतीनदा ट्रिप व्हायचा. मेकॅनिकने त्याची चकती फिरवून ११ वरून १६ वर ठेवली. आता ट्रिप होत नाही. बरोबर केलं ना?

चूक केलं. मोटरला जे दुखत होतं ते तसंच आहे, फक्त तिने ओरडायचं नाही अशी व्यवस्था केली.

४१५ व्होल्टवर चालणाऱ्या या मापाच्या मोटरच्या नेमप्लेटवर साधारण ११ अँपिअर लिहिलेलं असतं, आणि रिलेची चकती त्याच आकड्यावर हवी. रिलेत दोन धातू चिकटवून केलेल्या तीन पट्ट्या असतात, मोटरच्या करंटने त्या तापतात आणि वाकतात. सुरू होताना मोटर सहा ते आठपट करंट ओढते, पण तो काही सेकंदांचा खेळ. पट्ट्या तापायच्या आत मोटर वेग घेते, म्हणून रिले तिकडे काणाडोळा करतो. लावलेल्या आकड्याच्या १.०५ पट करंटला त्याने ट्रिप होऊ नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत व्हावं, अशी त्याची बांधणी असते. आता चकती १६ वर आहे, तेव्हा मोटर दिवसभर १५ अँपिअर ओढत राहिली तरी रिले ढिम्म. १५ म्हणजे ११ च्या १.३६ पट, पण तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.८६ पट. तापमान मर्यादेच्या दहा अंश वर गेलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं, हा आमच्या धंद्यातला जुना आडाखा.

चकती परत ११ वर आणा आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजतात तो) तिन्ही वायरींवर एकेक करून लावा. तिन्ही आकडे सारखे आणि जास्त असतील तर भार जड झालाय. बेअरिंग, ताणलेला पट्टा, चालवलेलं यंत्र, सगळं पाहा. तिन्ही आकडे ठीक असूनही ट्रिप होत असेल तर रिलेचे स्क्रू आवळून बघा. ढिल्या टोकाशी तयार झालेली उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचते आणि रिले फसतो. आणि एका वायरीत करंटच नसेल तर ते सिंगल फेजिंग. चालती मोटर दोन फेजवर तशीच फिरत राहते, उरलेल्या वायरींत सुमारे १.७३ पट करंट खेचत. बंद करून पुन्हा सुरू करायला गेलात तर फिरत नाही, नुसती घुमते.

अशी जळालेली मोटर माझ्याकडे आली की मालक बाहेरूनच सांगतो, "मागच्या वेळी भरली तेव्हा तांबं हलकं घातलं होतं." मी वाद घालत नाही. मागचं झाकण काढतो. करपलेल्या वॉर्निशचा कडवट वास येतो. मग स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, उजेडाकडे वळवतो. वाइंडिंगची, म्हणजे आतल्या तांब्याच्या कॉइलींची, कड चारी बाजूंनी सारखी काळी असेल तर मोटर ओझ्याने मेली. पण कधी कधी कॉइलचा एक गठ्ठा कोळसा, शेजारचे दोन अजून मधाच्या रंगाचे, परत एक कोळसा, असं गोल दिसतं. डेल्टा, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइली त्रिकोणात जोडलेल्या, मोटरचा एक फेज वाटेत कुठेतरी तुटला होता. स्टार, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एकत्र केलेली जोडणी, असेल तर दोन काळे आणि एक चांगला. मालकाला बोट लावून मोजायला सांगितलं की तांब्याचा विषय संपतो.

प्रश्न : नवीन मोटर उलटी फिरते. काय करू?

मेन बंद करून मोटरकडे जाणाऱ्या तीन फेजपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. अर्थची हिरवी-पिवळी वायर या तिघांत येत नाही. हे वेगळं लिहितोय, कारण तीही बदललेली मी पाहिली आहे. दोन्ही दिशा लागत असतील तर दोन कॉन्टॅक्टर हवेत आणि त्यांच्यामध्ये विजेचा आणि यांत्रिक असे दोन्ही इंटरलॉक हवेत, म्हणजे एक ओढलेला असताना दुसरा ओढू न देणारी अडवणूक. दोन्ही एकदम ओढले गेले तर फेजला फेज भिडते.

प्रश्न : मोटरच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. जमिनीत रॉड ठोकून अर्थ दिलाय, एमसीबी पण आहे. ती ट्रिप होत नाही, म्हणजे दोष किरकोळच असेल ना?

हे वाचून होताच मोटर बंद करा, बाकीचं मग वाचा.

एमसीबी माणसासाठी नसते, वायरीसाठी असते. वायर जळू नये एवढंच तिचं काम. आज झिणझिण्या येतात, म्हणजे गळती अजून थोडी आहे. उद्या फेज पुरती बॉडीला टेकली असं धरा. एकट्या रॉडचा जमिनीशी रोध १० ओहम असणं काही विशेष नाही. एक फेज आणि जमीन यांच्यातले २३० व्होल्ट भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. तुमची एमसीबी ३२ अँपिअरची असेल तर तिच्या दृष्टीने हा नेहमीचा भार. ती शांत, आणि बॉडीवर जवळजवळ सगळं व्होल्टेज. ओल्या हाताने, उघड्या पायाने तुम्ही तिला टेकलात आणि शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर तुमच्यातून २३० मिलिअँपिअर जातील. दहाच्या आसपास हाताची पकड सुटेनाशी होते, आणि तिसाच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

म्हणून दोन गोष्टी करा. मोटरची बॉडी जाड तांब्याच्या वायरीने पॅनेलच्या अर्थपट्टीला जोडा, आणि ती पट्टी पुरवठ्याच्या अर्थला मिळालीय ना तेही तपासून घ्या. नुसत्या रॉडवर विसंबू नका. दुसरं, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडून तोडणारा स्विच, बसवा. तिच्या आतल्या एकाच कड्यातून सगळ्या फेज आणि न्यूट्रल जातात. गेलेला आणि परत आलेला करंट जुळला तर ठीक. तीस मिलिअँपिअर कुठेतरी तिसऱ्याच वाटेने गेले की ती ०.३ सेकंदाच्या आत तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर मात्र तीही काही करू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात तुम्ही म्हणजे एक दिवा.

गळती शोधायची तर स्टार्टरकडून आलेल्या वायरी मोटरवरून सोडा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटर लावू नका. बऱ्याचदा दोष वाइंडिंगमध्ये नसतोच. टर्मिनलच्या डबीची ग्लँड, म्हणजे वायर आत जाते तिथला घट्ट बसणारा नट, ढिली असते आणि आत पाणी साचलेलं असतं.

प्रश्न : बेअरिंग बदलताना मी स्टॉपचं बटण दाबतो आणि एका माणसाला तिथे उभा करतो. साहेब म्हणतात मेन स्विचला कुलूप लावा. हे अती नाही का?

साहेबांचं ऐका. तो उभा केलेला माणूस पाणी प्यायला जातो. शिवाय कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट कधी कधी एकमेकांना चिकटून बसतात, मग लाल बटण दाबा नाहीतर काही करा. कुलूप तुमचं, किल्ली एकच, आणि ती तुमच्या खिशात. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, असेल तर मेन बंद करूनही थांबा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधल्या कपॅसिटरवर साधारण ५८५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं. ते उतरायला किती मिनिटं लागतात ते झाकणावरच छापलेलं असतं.

कुलूप लावूनही मी एकदा फसलोय. कन्व्हेअरचं पॅनेल होतं. मेन बंद, कुलूप घातलेलं, तिन्ही फेजला निऑनचा टेस्टर लावून बघितला, दिवा लागला नाही. ओव्हरलोड रिलेवरच्या ९५ नंबरच्या टर्मिनलची बारीक वायर ढिली दिसली, म्हणून बोटाने हलवून पाहिली. पुढच्या क्षणी माझं कोपर पॅनेलच्या दाराच्या कडेवर आपटलं होतं आणि स्क्रूड्रायव्हर दहा फुटांवर पडला होता. ती वायर शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी आली होती. तिचे २३० व्होल्ट तिकडचे, आणि मी कुलूप इकडच्या मेनला लावलेलं. कोपरावरचा व्रण अजून आहे.

मेन बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या अशा वायरी केशरी रंगाच्या घालायची पद्धत आहे. त्या पॅनेलमध्ये ती बाकीच्यांसारखीच लाल होती. निऑनचा टेस्टर मी त्या दिवशी पेटीतून काढला. आता दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरतो. आधी चालू असलेल्या जागी लावून तो चालतोय हे बघतो, मग पॅनेलमधल्या एकूण एक टर्मिनलला लावतो, बारीक वायरींनाही, आणि शेवटी परत चालू जागी लावून बघतो. सात-आठ मिनिटं जातात.