गुप्त ग्रंथ आधी की ज्ञानेश्वरी आधी?

तू विचारलंयस की गीता-ज्ञानेश्वरी काय सगळेच वाचतात, आमच्या सोसायटीत पण पारायण होतं, पण खरं ज्ञान म्हणे अवधूतगीता, विज्ञानभैरव, अमृतानुभव असल्या फारशा कोणाला माहीत नसलेल्या ग्रंथांत आहे, तर मग सरळ तिकडेच वळू का. मी नेमकं हेच केलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी रोज ठाण्याहून वाशीला नोकरीला जायचे. ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्यालाच सुटते त्यामुळे बसायला मिळायचं, आणि मोबाईलवर पीडीएफ वाचायचे, एक संपली की दुसरी. त्यात प्राणायामाची एक स्कॅन केलेली पुस्तिका मिळाली, लेखकाचं नाव नाही, कोणी भाषांतर केलं तेही नाही. त्यात दिलेला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, मी घरी एकटीने सुरू केला. दोन आठवड्यांत छातीवर दडपण यायला लागलं, रात्री झोप लागेना, शेवटी घाबरून सगळं बंद केलं. नंतर हठयोगाचा मूळ संस्कृत ग्रंथ हठयोगप्रदीपिका उघडला तर दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसाच श्वास हळूहळू वश करायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो. पुस्तिकेत क्रिया उचलली होती आणि हा श्लोक गाळला होता.

मला यातून एक गोष्ट कळली. ज्या ग्रंथाला आपण 'सगळ्यांचा' म्हणून बाजूला सारतो त्याची राखण झालेली असते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. पुढे पाठांत भेसळ झाली तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये बसून पोथी शुद्ध केली आणि बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली. तेव्हापासून किती कीर्तनकार, किती वारकरी ती तोंडपाठ म्हणतायत, कोणी चुकीचं वाचलं तर शेजारचा लगेच टोकतो. त्या पुस्तिकेला टोकणारं कोण होतं?

आणि 'गुप्त' म्हणशील तर सहावा अध्याय वाच ना. कुंडलिनीचं वर्णन तिथे इतकं उघड आहे की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घणसोली स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही. ज्ञानेश्वरांची परंपरा मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी, हे त्यांनी स्वतः अठराव्या अध्यायात सांगितलंय. सहाव्यात २९१ व्या ओवीत ते म्हणतात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु, तो हा नाथसंकेतींचा दंशु', म्हणजे पिंडानेच पिंड गिळणं, हे नाथपंथाच्या खुणेतलं मर्म आहे. आणि लगेच पुढच्या ओवीत काय करतात बघ, 'तया ध्वनिताचें केणें सोडुनी, यथार्थाची घडी झाडुनी'. केणं म्हणजे मालाचं गाठोडं. कापडवाला गाठोडं सोडतो, घडी झटकून गिऱ्हाइकासमोर पसरतो, तसं त्यांनी पंथाचं गुपित मराठीत सगळ्यांपुढे पसरलं. आपण पारायणात तासाला किती ओव्या झाल्या ते मोजतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. आमच्याकडेही ही ओवी वर्षानुवर्षं भराभर म्हटली जायची, मीसुद्धा म्हणायचे.

पण म्हणून कमी माहितीतल्या ग्रंथांकडे जाऊच नकोस असं मी अजिबात म्हणत नाहीये. अमृतानुभव मला आज सगळ्यात जवळचा आहे, तोही त्याच ज्ञानेश्वरांचा. मी आधी तो हातात घेतला होता, सुरुवातीच्या पाच संस्कृत श्लोकांतच अडकले आणि ठेवून दिला, ज्ञानेश्वरीनंतर परत गेले तेव्हा तो बोलायला लागला. त्यात एके ठिकाणी ते शिवसूत्राचा, म्हणजे शैवांच्या जुन्या संस्कृत सूत्रग्रंथाचा, हवाला देऊन सांगतात की ज्ञान हेसुद्धा बंधनच. त्या दिवशी मोबाईलमध्ये चाळीस-पन्नास पीडीएफ होत्या, आणि ते वाक्य मला फार खोल लागलं. शिवसूत्रं मी त्यानंतर शोधून वाचली, पण तोवर का वाचायची ते मला कळलेलं होतं.

तर असं कर. तू ठाण्यातच आहेस तर मराठी ग्रंथ संग्रहालयात जा, १८९३ पासूनची संस्था आहे, अर्थासकट ज्ञानेश्वरी बघ आणि सहाव्या अध्यायापासून सुरू कर, दिवसाला दहा ओव्या, जास्त नको. मग चांगदेव पासष्टी, फक्त ६५ ओव्या, ठाणे ते वाशी जाता-येता वाचून होईल पण दहा वेळा वाच. मग अमृतानुभव. विज्ञानभैरवात ११२ धारणा, म्हणजे ध्यानाच्या पद्धती, आहेत, त्यातलं श्वासाचं काही करायचं असेल तर जाणता माणूस समोर असल्याशिवाय करू नकोस, एवढं माझं ऐकच. आणि २९२ व्या ओवीपाशी पोचलास की तुला काय दिसलं ते मला नक्की सांग.