५.१ स्पीकरसाठी कोणते साउंड कार्ड घ्यावे आणि ते कसे जोडावे?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खोल, जाड आवाजासाठी एक सबवूफर. आधी स्पीकरच्या मागची बाजू पाहावी. तिथून ३.५ मिमीच्या तीन पिना निघत असतील, तर तीन स्वतंत्र ॲनालॉग आउटपुट असलेले कार्डच हवे. हिरवी पिन पुढच्या स्पीकरची, काळी मागच्यांची आणि नारिंगी मधल्या स्पीकरची व सबवूफरची असते. मात्र खरेदीपूर्वी मदरबोर्ड तपासावा, कारण तिथे तीनच जॅक असले तरी ड्रायव्हरमधून (साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) निळा जॅक मागच्या स्पीकरसाठी आणि गुलाबी जॅक मधल्या स्पीकरसाठी वापरता येतो. बहुतेकांना तेवढे पुरते.

स्पीकर ॲम्प्लिफायरला जोडलेले असतील आणि त्याला डिजिटल इनपुट असेल, तर माझी पसंती ऑप्टिकलपेक्षा एचडीएमआयला आहे. ऑप्टिकल केबलमधून असंपीडित आवाज केवळ दोन चॅनेलचा जातो. चित्रपटातील डॉल्बी डिजिटल ध्वनिपट तिच्यातून जसाच्या तसा पोहोचतो, पण गेमचा सराउंड आवाज हवा असेल, तर कार्डमध्ये ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ किंवा ‘डीटीएस कनेक्ट’ (गेमचा आवाज त्याच क्षणी संपीडित करून पाठवणारी सोय) असावेच लागते, आणि नेमके हेच खरेदीच्या वेळी निसटते.

जोडणीनंतर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘५.१ सराउंड’ निवडून प्रत्येक स्पीकरची चाचणी घ्यावी. मधल्या स्पीकरचा आवाज सबवूफरमधून घुमला, तर ड्रायव्हरमध्ये त्या दोन चॅनेलची अदलाबदल करण्याचा पर्याय शोधावा.