अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीपात्रातल्या कातळातले रांजणासारखे खोल खड्डे, कसे तयार झाले? माणसांनी खोदले की लाव्हारसाचे बुडबुडे फुटून झाले?

दोन्ही नाही; ते कुकडी नदीने, खरं तर तिच्या पुरात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरले आहेत. तिथला खडक बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. त्यात मूळच्याच भेगा आणि बारीक पोकळ्या असतात. पावसाळ्यात पाण्याला जोर आला की अशा एखाद्या खाचेत भोवरा धरतो, त्यात दोन-चार गोटे अडकतात आणि जात्यासारखे तळ आणि कडा घासत राहतात. गोटे झिजून संपतात, पुढचा पूर नवे आणून टाकतो. खळगा त्यामुळे रुंदीपेक्षा खोलीत जास्त वाढतो, आणि शेजारचे दोन खळगे मधली भिंत झिजली की एक होतात. पुरावा हवा असेल तर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जाऊन कोरड्या खळग्यात वाकून बघा: तळाला गुळगुळीत वाटोळे गोटे पडलेले दिसतील, आणि आतल्या भिंतीवरून हात फिरवला तर ती घासल्यासारखी लागेल. छिन्नीचा घाव असा गुळगुळीत नसतो.

बुडबुड्यांची गोष्ट अगदीच बिनबुडाची नाही म्हणा. लाव्हातल्या वायूमुळे खडकात पोकळ्या राहतात, पण त्या सहसा वाटाण्याएवढ्या ते मुठीएवढ्या. माणूस उभा राहील एवढा रांजण त्यातून होत नाही. फक्त एक लक्षात घ्या, खडक साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा असला तरी खळगे तेवढे जुने नाहीत. नदी आधी कातळापर्यंत खाली उतरली, कोरीव काम त्यानंतरचं.