बंधारा बांधला, पुढं राखणार कोण?

मृग जवळ आला की पत्रांचा गठ्ठा जाड होतो. कुणाला देणगी द्यायची असते, कुणाला झाडं लावायची असतात, कुणाचं गावात भांडण जुंपलेलं असतं. माझी उमेदीची वर्षं पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवायच्या-मुरवायच्या कामात कार्यकर्ती म्हणून गेली, त्यामुळे संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आहे. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. मूळ गाव दुष्काळी तालुक्यात आहे. तिथली एक स्थानिक संस्था समपातळी चर, नालाबांध अशी कामं करते. तिला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी म्हणतो. संस्था चांगली आहे हे ओळखायचं कसं? आयकरात सवलत मिळते का? (एक वाचक, पुणे)

सवलतीचं आधी उरकते. संस्थेला देणगीवरच्या सवलतीची आयकर खात्याची मान्यता (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०जी) असेल तर साधारणपणे देणगीच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत. रोखीत २,००० रुपयांच्या वर दिलेत तर वजावट नाही. सिमेंटची पोती किंवा रोपं दिलीत तरी नाही, पैसेच लागतात. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्या उपयोगाचा नाही.

कागदांत धर्मादाय आयुक्तांकडची नोंद बघा आणि विश्वस्तांची आजची यादी मागा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांच्या नोंदीत मात्र वारलेले विश्वस्त अजून कारभार पाहत असतात! ताळेबंद कसा वाचायचा हे बँकेतल्या माणसाला मी काय सांगणार.

खरी परीक्षा शिवारात होते. उद्घाटनाला जाऊ नका, वैशाखात जा. यंदाचं काम दाखवू लागले तर म्हणा, चार वर्षांपूर्वीचा बंधारा दाखवा. सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचे, दगड जागेवर आहेत का, पोटात गाळ किती साठलाय, भिंतीच्या कडेनं पाणी फुटलंय का, हे डोळ्यांना दिसतं. मग वर चढा. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. आधी डोंगरावर चर, मग उतारावर बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यात बंधारा. माथा उघडा ठेवून खाली बंधारा घातला की वरची माती दोन-चार पावसांत त्याच्यात येऊन बसते. पण डोंगरावरच्या चरांचा फोटो कुणाला आवडत नाही. पोकलेननं खोल केलेला नाला फोटोत भव्य दिसतो, म्हणून काही संस्था कामाला सुरुवातच तिथून करतात.

गावातल्या कुणालाही एक प्रश्न विचारा : देखभाल निधी कुणाकडे आहे? फादर हर्मन बाखर यांनी उभ्या केलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करावी लागे आणि देखभालीसाठी निधी बाजूला पडे. लोक कुरकुरायचे, पण काम गावाचं व्हायचं.

दुसरा प्रश्न, आलेल्या पाण्याचं काय ठरलं? हिवरे बाजार या गावानं नुसतं पाणी अडवलं नाही. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची पद्धत पाडली. असं काही ठरलं नसेल तर तुमच्या देणगीनं मुरलेलं पाणी ज्याची बोअर सर्वांत खोल त्याच्या उसाला जाईल. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं बोअरच्या पाण्यानं भरून त्याला जलसंधारण म्हणणारेही मी पाहिले आहेत. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं, याला दुसरं काही नाव असायला हवं.

रक्कम देताना पावतीवर हेतू लिहून घ्या. माझं ऐकाल तर दुरुस्तीला आणि कार्यकर्त्याच्या पगाराला द्या. बंधाऱ्यावर आजोबांच्या नावाची पाटी लावायला देणगीदार रांगेत असतात. जी पोरगी रोज मोटरसायकलवर वस्त्या पालथ्या घालते तिच्या पगाराचं नाव काढलं की सगळे गप्प होतात.

प्रश्न : वडिलांमागे मला आणि बहिणीला डोंगरउताराची तीन एकर पडीक जमीन मिळाली. ती विकण्यापेक्षा जंगल राखणाऱ्या एखाद्या ट्रस्टला द्यावी असं दोघींना वाटतं. नुसतं बक्षीसपत्र केलं की झालं का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

नाही, ताई. सातबारावर जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायची, बक्षीस द्यायची किंवा भाडेपट्ट्यानं द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि ट्रस्ट शेतकरी नसतो. मराठवाडा-विदर्भाचे कायदे वेगळे आहेत, तुमच्याकडे मात्र हेच. परवानगीनंतर दोघींच्या सह्यांचं, दोन साक्षीदारांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि मग फेरफार, म्हणजे सातबारावर ट्रस्टचं नाव.

बक्षीसपत्रात हेतू नि:संदिग्ध लिहा. "मला वाटलं तर परत घेईन" अशी अट चालत नाही. मात्र जमीन जंगलाखेरीज दुसऱ्या कामाला वापरली तर बक्षीस रद्द, अशी तुमच्या मर्जीवर न अवलंबणारी अट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसते. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. पुढं ट्रस्टला ती जमीन विकायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. हा दुसरा अडसर तुमच्याच बाजूचा आहे.

मालकी सोडायची घाई मात्र करू नका. कोकणात संगमेश्वर भागात अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था देवरायांवर काम करत आली आहे. ती गावांशी आणि खासगी जंगलांच्या मालकांशी संवर्धनाचे करार करते. जमीन मालकाचीच राहते, तोड थांबते, त्या बदल्यात मोबदला मिळतो. तीन एकरांसाठी एवढी यंत्रणा कुणी हलवणार नाही, पण शेजारच्या चार गटांचे मालक सोबत आले तर बोलणं होऊ शकतं. आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन या.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. एका ट्रस्टनं आमच्या गायरानावर चर खणले, गवताचं बी टाकलं आणि पूर्ण चराईबंदी जाहीर केली. शेळ्यावाली घरं ऐकत नाहीत. ट्रस्टचे लोक म्हणतात, ही घरं विकासाच्या आड येतात. काय करावं? (एक वाचक, बीड जिल्हा)

पहिलं म्हणजे, गायरान ट्रस्टचं नाही. तिथं बंदी जाहीर करायचा अधिकार त्यांना कुणी दिला? बंदीचा ठराव ग्रामसभेचा लागतो, आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तुमच्याकडे ती झाली, की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा झाल्या? उत्तर मला नको, तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे पुरे.

आता शेळ्यांचं. शेळी कुणाकडे असते ते बघा. भूमिहीनाकडे, एकट्या बाईकडे, ऊसतोडीला जाऊन आलेल्या घरात. शेळी म्हणजे त्यांचं बचतखातं. दवाखाना आला की एक विकायची. तुम्ही माथा बंद करता आणि पाणी उतरतं पायथ्याच्या विहिरींत. त्या विहिरी कुणाच्या? त्यागाचा वाटा शेळीवालीचा आणि पाण्याचा वाटा बागायतदाराचा, असा हिशेब असेल तर ती घरं विकासाच्या आड येत नाहीत. विकासच त्यांच्या अंगावरून चाललाय.

मी ज्या गावांत काम केलं तिथं बंदी टिकली ती तुकड्यातुकड्यानं केलेली. गायरानाचे भाग पाडायचे, एक बंद करायचा, बाकीचे चरायला मोकळे. बंद भागात जनावर नाही, पण विळा चालेल. आणि गवत कापायचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांचा. गवताचा लिलाव केलात तर ते सगळं दहा म्हशीवाला उचलतो, म्हणून लिलाव नको. राखणदार शेळीवाल्यांतलाच नेमा आणि त्याला पगार द्या. मेंढपाळांचा वाडा, म्हणजे फिरता तांडा, दरवर्षी तुमच्या शिवारातून जात असेल तर त्यांच्याशीही बोलावं लागेल. ते मतदार नसतात, म्हणून ग्रामसभेत त्यांचा विषयच निघत नाही.

भूमिहीनांना वाटा देणं ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानाच्या ४० एकर उजाड जमिनीवर माती-पाण्याचं काम करून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजलं गेलं. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला मनाई. आजच्या किती जलसंधारण संस्था हे बोलून दाखवतात? मला तरी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच भेटल्या.

आणि निर्णय कसा घ्यायचा हे बघायचं असेल तर मेंढा-लेखाला जा. गडचिरोलीतल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. याला वेळ लागतो आणि निधी देणाऱ्यांना मार्चअखेर गाठायची असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. ट्रस्टला सांगा, मार्च दरवर्षी येतो.

प्रश्न : आमच्या युवा मंडळाला एका कंपनीकडून हजारो रोपं मिळणार आहेत. गावाबाहेर मोठा माळ ओसाड पडलाय, तिथं जुलैत लावायचा विचार आहे. कोणती झाडं निवडावीत? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

कोणतीच नाही.

तुमचा माळ ओसाड नाही, ते गवताळ रान आहे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या जमिनीवर पवन्या, मारवेल, कुसळी हीच तिथली वनस्पती. तुमच्याच जिल्ह्यात नान्नजचं अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी राखलं गेलं, ते जंगलासाठी नव्हे, माळासाठी. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक पक्षी ही सगळी उघड्यावरची मंडळी. तिथं खड्डे खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की गवत सावलीनं मागं हटतं, मेंढ्यांचा चारा जातो, आणि टँकर थांबला की रोपंही वाळतात.

कंपनीला सांगा, रोपं शाळेच्या आवारात, बांधांवर, ओढ्याच्या काठी लावू. करंज, कडुनिंब, बाभूळ चालेल, आणि संख्या तुम्ही पाणी घालू शकाल तेवढीच. माळावर काम करायचंच असेल तर आलेली वेडी बाभूळ काढा आणि वणवा लागू देऊ नका. फोटो चांगले येणार नाहीत.

प्रश्न : आम्ही काही जण गावाची देवराई राखायला संस्था काढतोय. सोसायटी करावी की ट्रस्ट? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

महाराष्ट्रात फरक वाटतो तितका नाही. १८६०च्या कायद्याखाली सोसायटी केलीत, किमान सात सभासद घेऊन, तरी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावीच लागते. माणसं थोडी आणि भरवशाची असतील तर थेट ट्रस्ट करा. पण त्याआधी देवराईची जमीन कुणाच्या नावावर आहे तो सातबारा काढा. देवस्थान, वनखातं की कुणी खासगी खातेदार? तुमच्याच जिल्ह्यात हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची राई जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच, तिचे सदस्य कोण ते विचारा. त्यांतल्या दोघा-तिघांना आपण सदस्य आहोत हे तुमच्याकडूनच कळण्याची शक्यता आहे.